मेफ्लॉवरवरच्या त्या मुलाचे आईबाप कसे सापडले, आणि सूनबाईंच्या घराण्याचा माग कुठून काढायचा

काकू, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा मुलगा मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, सून तिथलीच, आणि सुनेच्या माहेरी पिढ्यानपिढ्या सांगतात की आमचा मूळ पुरुष म्हणजे १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या लोकांच्या मेफ्लॉवर जहाजावर आईबापांशिवाय आलेला लहान मुलगा, रिचर्ड मोर. आता नातवाला शाळेत घराण्यावर प्रोजेक्ट आहे. तुमच्या बाजूचा कुलवृत्तांत छापील आहे, पण दुसऱ्या बाजूचं काय? इंटरनेटवर एके ठिकाणी तो मुलगा लंडनच्या रस्त्यावरचा अनाथ, दुसरीकडे थेट राजघराण्यातला. खरं काय, आणि हे शोधायचं कसं असतं, असं तुम्ही विचारलंय.

मी हे काम सतरा-अठरा वर्षं करतेय, सुरुवात आमच्याच घराण्याच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वहीपासून झाली आणि इकडे आल्यावर न्यू इंग्लंडच्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागाच्या) जुन्या कागदांचं वेड लागलं. उत्तर लांब होणार आहे कारण हे प्रकरण मला फार जवळचं आहे आणि घाईत सांगण्यासारखं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे लहान मुलाच्या नावाने कागद शोधायला बसू नका. त्या काळात मूल स्वतः काही विकत घेत नाही, सही करत नाही, कोर्टात उभं राहत नाही, कर भरत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने जवळपास काही तयारच होत नाही. मूल सापडतं ते मोठ्यांच्या कागदात, म्हणजे त्याला कोणी सांभाळलं, त्याच्यासाठी पैसे कोणी भरले, त्याच्यावरून भांडण कोणाचं झालं, आणि ते स्वतः म्हातारं झाल्यावर शपथेवर काय बोललं. रिचर्ड मोरचं कोडं नेमकं असंच सुटलं.

आता त्याची गोष्ट. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते, त्यात मोर आडनावाची चार भावंडं, एलिनॉर, जास्पर, रिचर्ड आणि मेरी. बरोबर आई नाही, बाप नाही, काका-मामा कोणी नाही. चौघांना तीन घरांत वाटून दिलेलं होतं. एलिनॉर एडवर्ड विन्स्लोकडे, जास्पर जॉन कार्व्हरकडे, आणि रिचर्ड व मेरी विल्यम ब्रूस्टरकडे. जास्पर डिसेंबर १६२० मध्ये जहाज केप कॉडला नांगरून असतानाच गेला, एलिनॉर आणि मेरी त्या पहिल्या हिवाळ्यात गेल्या. उरला एकटा रिचर्ड, तेव्हा सहा वर्षांचा.

हे आपल्याला कळतं ते मुख्यतः या लोकांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या यादीवरून. त्याने १६५१ च्या सुमारास, म्हणजे तीस वर्षांनी, कोण कोण आलं आणि त्यांचं पुढे काय झालं हे घरवार लिहून काढलं. (ते हस्तलिखित नंतर कसं कोण जाणे लंडनच्या बिशपच्या फुलहॅममधल्या ग्रंथालयात जाऊन पडलं होतं, १८५० च्या दशकात ते तिथे असल्याचं लक्षात आलं, १८५६ ला छापलं गेलं आणि १८९७ ला मॅसॅच्युसेट्सला परत मिळालं.) त्यात ब्रूस्टरच्या घराखाली ब्रॅडफर्ड लिहितो की रिचर्ड मोर नावाचा मुलगा त्याच्याकडे दिला होता आणि त्याचा आणखी एक भाऊ. भाऊ! आणि ती तर मेरी होती, मुलगी. डोळ्यांनी बघितलेला माणूस, गव्हर्नर, त्याच लहानशा वस्तीत राहणारा, आणि तरी तीस वर्षांनी चार वर्षांची मुलगी त्याच्या आठवणीत मुलगा झाली. नुसत्या त्या यादीवर विसंबलं तर आपण आयुष्यभर एक न झालेला मुलगा शोधत बसू. म्हणून मी सगळ्यांना सांगते, कागद किती जुना आहे यापेक्षा घटना घडली तेव्हा आणि तो लिहिला गेला तेव्हा यात किती वर्षं गेली ते आधी बघा.

रिचर्ड जगला, वाढला. १६२७ मध्ये प्लिमथच्या लोकांनी सामाईक गुरं वाटून घेतली तेव्हा गटागटाने माणसांची नावं लिहिली, त्यात ब्रूस्टरच्या गटात रिचर्ड मोर आहे, शेजारी हेन्री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर, म्हणजे दुसऱ्या दोन मुलांची नावं, तीही आईबापांशिवाय आलेली, पण नातेवाईक टिली कुटुंबाबरोबर. गुरांच्या वाटणीचा कागद वंशावळीसाठी कोण उघडेल? पण जिवंत कोण, कोणाच्या घरी, हे तिथेच कळतं, आणि असे कागद मला जन्मनोंदीपेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात कारण त्यात खोटं बोलून कोणाला काही मिळणार नसतं, उलट दुसऱ्याचं नाव जास्तीचं घुसलं तर बाकीचे गप्प बसणार नसतात.

पुढे १६३६ ला त्याचं लग्न ख्रिश्चन हंटर नावाच्या मुलीशी झालं (ख्रिश्चन हे इथे बाईचं नाव आहे, गोंधळू नका), मग प्लिमथजवळच्या डक्सबरीची जमीन विकून तो मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम या बंदराच्या गावी गेला, जहाजाचा कप्तान झाला. आणि १६८४ मध्ये, सत्तरीचा झालेला असताना, त्याने शपथेवर एक जबानी दिली. त्यात तो सांगतो की १६२० साली मी लंडनमध्ये थॉमस वेस्टन नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या घरी होतो आणि तिथून मला न्यू प्लिमथला पाठवलं गेलं. वंशावळ सांगायला म्हणून दिलेली ही जबानी नव्हती, आईचं नाव नाही, बापाचं नाही, गावाचं नाही. पण वेस्टनचं घर हे नाव आलं आणि तिथेच धागा हाताला लागतो, कारण हा वेस्टन म्हणजे मेफ्लॉवरच्या प्रवासासाठी भांडवल जमवणाऱ्या व्यापाऱ्यांतला पुढारी.

आता इंग्लंडकडे वळू. श्रॉपशायर परगण्यात शिप्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चर्चच्या रजिस्टरमध्ये चार बाप्तिस्मे आहेत, एलिनॉर २४ मे १६१२, जास्पर ८ ऑगस्ट १६१३, रिचर्ड १३ नोव्हेंबर १६१४, मेरी १६ एप्रिल १६१६. आईबाप कॅथरीन आणि सॅम्युएल मोर. रिचर्डचं १६८४ मधलं सत्तर वय यात चपखल बसतं. पण नुसती नावं आणि वयं जुळली म्हणून ती हीच मुलं असं म्हणता येत नाही, मोर हे इंग्लंडमध्ये काही दुर्मिळ आडनाव नाही. (मला दोन-तीन जणांनी मनापासून विचारलंय की मोर आणि आपले मोरे यांचा काही संबंध असेल का. नाही. उच्चार जवळचा असणं हा वंशावळीत पुरावाच नसतो.)

इथे एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना पटकन दिसते जी अमेरिकन माणसाला समजावून सांगावी लागते. कॅथरीनच्या वडिलांचं नाव जास्पर मोर. सॅम्युएलच्या वडिलांचं नाव रिचर्ड मोर. दोन मुलगे, दोन्ही आजोबांची नावं! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. हा पुरावा नाही, पण कुठल्या दिशेने शोधायचं त्याची खूण आहे, आणि अनाथाश्रमातून किंवा रस्त्यावरून उचललेल्या मुलांच्या नावांत अशी खूण दिसत नाही.

शेवटचा दुवा १९५९ मध्ये सापडला. सॅम्युएलच्या वंशातले जास्पर मोर नावाचे गृहस्थ श्रॉपशायरमध्ये लिन्ली हॉल या आपल्या जुन्या वाड्यात राहायचे, त्यांचे वंशशास्त्रज्ञ मित्र अँथनी वॅग्नर यांनी त्यांना घरचे जुने कागद बघायला सांगितलं आणि माळ्यावर १६२२ सालचा एक कागद निघाला. तो सॅम्युएल मोरने दिलेला खुलासा आहे. कॅथरीनने सरन्यायाधीश सर जेम्स ले यांच्याकडे अर्ज केला होता की माझी चार मुलं कुठे नेलीत, आणि त्याला उत्तर म्हणून सॅम्युएलने हे सगळं लिहून दिलं. म्हणजे एका आईने विचारलं म्हणून आज आपल्याला कळतंय. तिने तो अर्ज केला नसता तर ही चार मुलं अजूनही लंडनची बेवारस पोरं म्हणूनच पुस्तकांत राहिली असती, तीनशेहून जास्त वर्षं ती तशीच धरली गेली होती.

त्या कागदात काय आहे ते सांगते. कॅथरीन आणि सॅम्युएल एकाच मोठ्या कुळातले, दोन शाखांची इस्टेट घरातल्या घरात राहावी म्हणून लावलेलं लग्न, फेब्रुवारी १६११ मध्ये, नवरा सतराच्या आसपास आणि बायको त्याच्याहून बरीच मोठी. चार मुलं झाली. मग सॅम्युएलने आरोप केला की ही मुलं माझी नाहीतच, जेकब ब्लेकवे नावाच्या माणसाची आहेत, बहुतेकांचे चेहरे आणि अंगलट त्याच्यासारखी आहे. कॅथरीनचं म्हणणं असं की लग्नाआधीच माझं ब्लेकवेशी वचन झालेलं होतं, म्हणजे देवापुढे तोच माझा नवरा, पण साक्षीदारांनिशी तिला ते सिद्ध करता आलं नाही. चौथ्या मुलाचा, म्हणजे मेरीचा, बाप्तिस्मा झाला त्याच एप्रिल महिन्यात मुलांना इस्टेटीत वाटा मिळू नये अशी कागदोपत्री व्यवस्था झाली आणि मुलांना तिच्यापासून काढून सॅम्युएलच्या वडिलांची जमीन कसणाऱ्या एका कुळाच्या घरी ठेवलं. ती तिथे पुन्हा पुन्हा जायची. सॅम्युएल लिहितो की ती येऊन आरडाओरडा करायची, मुलांच्या अंगावरचे कपडे तिने फाडले.

काकू, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबले होते. लिहिणारा नवरा आहे, त्याला स्वतःचं करणं योग्य होतं हे न्यायाधीशाला पटवायचंय. कपडे फाटले हे खरं असेलही, पण मुलांना ओढून घरी न्यायला धडपडणारी आई आणि तिला अडवणारी माणसं, यांच्या झटापटीतही कपडे फाटतातच. कागदाने आपल्याला घटना दिली, तिचा अर्थ नवऱ्याने दिलाय. हे दोन वेगळे करून वाचायला शिकणं हेच आमच्या कामातलं खरं शिक्षण.

कोर्टकचेऱ्या चार वर्षं चालल्या, तिचं शेवटचं अपील जुलै १६२० मध्ये संपलं आणि लगेच मुलांना लंडनला नेऊन वेस्टनच्या घरी ठेवलं. सॅम्युएल लॉर्ड झूश नावाच्या बड्या सरदाराचा सेक्रेटरी होता त्यामुळे वसाहतीकडे जाणाऱ्या लोकांपर्यंत त्याचा हात पोचत होता. त्याने सगळ्यांचे मिळून शंभर पाउंड भरले, अट अशी की मुलांना सात वर्षं अन्न-वस्त्र-निवारा द्यायचा आणि मुदत संपल्यावर प्रत्येकाला पन्नास एकर जमीन. कारण काय दिलंय, तर इकडे राहिली तर त्यांच्यावर बदनामीचा डाग राहील. जहाज सप्टेंबरमध्ये निघालं तेव्हा एलिनॉर आठ, जास्पर सात, रिचर्ड पाच, मेरी चार वर्षांची.

आता दोन्ही टोकं जुळवून बघा. १६२२ मध्ये इंग्लंडमध्ये लिहिलेला बापाचा कागद म्हणतो, मुलं वेस्टनकडे दिली. १६८४ मध्ये अमेरिकेत दिलेली मुलाची जबानी म्हणते, मी वेस्टनच्या घरी होतो. मध्ये बासष्ट वर्षं आणि एक महासागर, दोघांनी एकमेकांचं बघून लिहिण्याची शक्यताच नाही. याला म्हणतात पुरावा. वेबसाइटवर चाळीस लोकांनी एकमेकांची कॉपी केलेले चाळीस वंशवृक्ष म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत, ते फार तर एक ऐकीव गोष्ट आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की तो रस्त्यावरचा अनाथ नव्हता, आई जिवंत होती आणि कोर्टात भांडत होती. राजघराण्याचं म्हणाल तर मोर कुळाचा जुन्या राजांशी जोडलेला वंश अभ्यासकांनी मांडलाय, पण तो आईच्या बाजूनेच धरा, बाप कोण हाच वादाचा मुद्दा असताना बापाकडून काहीही जोडणं चूक. आणि तेही प्रोजेक्टमध्ये घालू नका असंच मी म्हणेन, मुलाच्या हातात राजा आला की बाकी सगळं विसरलं जातं.

तुम्हाला कबरीच्या दगडाचाही फोटो मिळाला असेल. सेलमला चार्टर स्ट्रीटवरचं जुनं कब्रस्तान आहे तिथे तो दगड आहे, मेफ्लॉवरच्या प्रवाशांपैकी ज्याचा त्या काळातला मूळ दगड आजही जागेवर आहे असा तो एकटाच धरला जातो. मी तिथे चार-पाच वेळा गेलेय. शेवटच्या वेळी संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं होतं आणि अशा उन्हातच जुनी अक्षरं नीट दिसतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात पाटीचा दगड नुसता करडा दिसतो. त्यावर कॅप्टन रिचर्ड मोर, वय ८४, मृत्यू १६९२, मेफ्लॉवरचा यात्रेकरू, असं आहे. यातलं मृत्यूचं साल आणि मेफ्लॉवरचा उल्लेख नंतरच्या लोकांनी कोरून घातलाय! तो १६९२ नंतरही जिवंत होता असे कागद आहेत, १६९६ पर्यंत मात्र गेलेला होता. आणि दगडावरचं ते साल आणि वय ८४ धरलं तर जन्म १६०८ चा निघतो, आईबापांच्या लग्नाच्याही आधीचा. बाप्तिस्मा १६१४ चा आहे. म्हणजे दगडात कोरलं म्हणजे खरं असं अजिबात नाही, म्हातारपणी माणसाचं वय घरचे लोक वाढवूनच सांगायचे. शेजारी ख्रिश्चनचा दगड आहे, तोही बघा.

आणि एक गोष्ट, जी प्रोजेक्टमध्ये घालायची की नाही ते तुम्ही आणि सूनबाई ठरवा. लंडनजवळ स्टेपनीच्या चर्चमध्ये १६४५ ला रिचर्ड मोर, न्यू इंग्लंडमधल्या सेलमचा दर्यावर्दी, याचं एलिझाबेथ नावाच्या बाईशी लग्न नोंदलेलं आहे, आणि सेलमला ख्रिश्चन तेव्हा जिवंत होती. पुढे म्हातारपणी सेलमच्या चर्चने त्याला व्यभिचाराबद्दल काही काळ बाहेर काढलं आणि पश्चात्तापानंतर परत घेतलं. मी हे लपवत नाही, पण त्यावरून त्याला नावंही ठेवत नाही. पाच वर्षांच्या पोराला आईपासून तोडून जहाजात घातलं आणि सहाव्या वर्षी त्याने तिन्ही भावंडांना जाताना बघितलं, त्याच्या आयुष्याला कोणत्या मापाने मोजणार?

आता तुमच्या कामाकडे येऊ. उलटं चालायचं. रिचर्ड मोरपासून खाली येऊ नका, नातवापासून वर जा. प्रत्येक पिढीला एकच प्रश्न विचारायचा, हा माणूस त्या आईबापांचं मूल आहे हे कोणता कागद सांगतो? विसाव्या शतकात जन्म-मृत्यू दाखल्यांनी काम होतं. मागे सेन्सस, म्हणजे अमेरिकेची दर दहा वर्षांची जनगणना. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, पण नातं काय ते १८८० पासून लिहायला लागले, त्याआधी एका घरात राहणारं मूल हे मुलगा, पुतण्या, कामाला ठेवलेला पोरगा कोणीही असू शकतं. १८९० चा सेन्सस आगीत गेला, तो शोधण्यात वेळ घालवू नका. १७९० ते १८४० मध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. त्यामुळे त्या पन्नास वर्षांत खरी खिंड लागते आणि बहुतेक खोट्या वंशावळी तिथेच जोडलेल्या असतात.

मी स्वतः तिथे अडकले होते. एका कुटुंबासाठी काम करताना पैसे घेऊन शोध करून देणाऱ्या एका संस्थेने दिलेली वंशावळ मी तशीच पुढे वापरली, दोन वर्षं त्यावर काम केलं आणि मग एका मृत्युपत्रात दिसलं की आम्ही धरलेला माणूस विशीत, बिनलग्नाचा वारला होता, त्याच नावाचा त्याचा चुलतभाऊ खरा पूर्वज होता. त्या घरच्या आजींना फोन करून ते सांगणं फार जड गेलं. तेव्हापासून दुसऱ्याने केलेलं काम मी दिशा म्हणून घेते, पण प्रत्येक कागद स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

त्या खिंडीत कामाला येतात ती मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं. मुली विशेषतः. आपल्या कुलवृत्तांतात जसं मुलीच्या नावापुढे कुठे दिली ते गाव लिहिलं की संपलं, किंवा तेही नाही, तसंच इथे लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं आणि ती गायब होते. पण बाप मरताना लिहितो, माझी मुलगी अमुक, आता तमुकची बायको, हिला दहा पाउंड आणि गादी-अंथरूण. त्या एका ओळीत दोन घराणी जोडली जातात. सूनबाईंच्या घरचं आडनाव मोर नाही म्हणजे कुठेतरी एकदा तरी मुलीकडून वंश आलाय, तेव्हा बायकांचे कागद शोधायला दुप्पट वेळ धरा. मॅसॅच्युसेट्सच्या गावोगावच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यू नोंदी छापून आणि ऑनलाइन आहेत, फॅमिली सर्च नावाच्या वेबसाइटवर फुकट बरंच बघता येतं. आणि मेफ्लॉवर सोसायटीने (१८९७ ची संस्था) प्रत्येक प्रवाशाच्या पहिल्या पाचएक पिढ्या तपासून छापल्यात, चंदेरी बांधणीची पुस्तकं म्हणून लोक त्यांना सिल्व्हर बुक्स म्हणतात. म्हणजे तुम्हाला १६२० पर्यंत स्वतः जायचंच नाहीये, साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोचलात आणि त्या पुस्तकातला माणूस भेटला की झालं.

तारखांची एक भानगड सांगून ठेवते नाहीतर फसाल. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे कॅथरीनच्या लग्नाची तारीख फेब्रुवारी १६१०/११ अशी दोन सालांनी लिहिलेली दिसेल. त्यांच्या हिशोबाने अजून १६१०, आपल्या हिशोबाने १६११. शिवाय १७५२ च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर एकदम १४ आली. मूल लग्नाआधी जन्मलं असं दिसायला लागलं तर आधी हे तपासा, निम्म्या वेळा चूक तिथेच असते.

शब्दही तसेच. ऑर्फन म्हणजे आपण पोरकं समजतो, पण त्या काळच्या कोर्टात बाप मेला की मूल ऑर्फन, आई घरात धडधाकट असली तरी. मेरीलँडसारख्या ठिकाणी तर ऑर्फन्स कोर्ट नावाचं वेगळं कोर्टच होतं आणि त्याचे कागद म्हणजे खजिना आहे, कारण बापाच्या मिळकतीचा हिशोब, पालक कोण नेमला, त्याला जामीन कोण राहिलं, सगळं त्यात. आणि जामीन राहणारा बहुतेक वेळा आईचा भाऊ नाहीतर आईचा बाप निघतो, तिथून आईचं माहेर कळतं. चौदा वर्षांचं झालं की मूल स्वतः पालक निवडू शकायचं, म्हणजे त्या कागदावरून वयाचाही अंदाज लागतो. गरीब घरची मुलं गावाचे अधिकारी करार करून दुसऱ्याच्या घरी कामाला द्यायचे, मुलगा एकवीसचा होईपर्यंत, मुलगी अठराची होईपर्यंत किंवा लग्नापर्यंत, त्यांचे करारनामे मिळतात. सिनिअर-ज्युनिअर म्हणजे बापलेकच असं नाही, गावात एकाच नावाचे दोघं असले की मोठा तो सिनिअर. आणि व्हर्जिनिया म्हणजे आजचं राज्य नव्हे, त्या काळच्या कागदात सगळ्या किनाऱ्यालाच तसं म्हणायचे, मेफ्लॉवरही व्हर्जिनियाच्या उत्तर भागाला म्हणूनच निघालं होतं.

खऱ्या व्हर्जिनियात मात्र वेगळी तऱ्हा होती. तिथे माणूस आणला की माणशी पन्नास एकर मिळायचे म्हणून जमिनीच्या कागदात आणलेल्या माणसांची नावं असतात. १६३५ च्या अशाच एका यादीत, जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराच्या नावावर, टोनी, ईस्ट इंडियन असं एक नाव आहे. आपल्याकडचा माणूस, १६३५ साली! वय, गाव, आईबाप काही नाही. तो कोकणातला, गोव्यातला की कोरोमंडलचा, कोणी नेला, हे विचार त्या एका ओळीपाशी बसून मी कितीदा केलेत. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन मुलांचं तर त्याहून अवघड, १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरलं, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, आणि पुढे दोनशे वर्षं त्यांची नावं मालकाच्या मालमत्तेच्या यादीत शोधावी लागतात, बहुतेकांचं पूर्ण नाव सेन्ससमध्ये पहिल्यांदा १८७० ला येतं. त्यांच्या तुलनेत रिचर्डकडे कागद होते हे लक्षात ठेवलेलं बरं.

डीएनए टेस्ट घ्यावी का असंही विचारलंय. घ्या, पण १६२० साठी नको. बारा पिढ्या मागे गेलं की कागदावर पूर्वजांच्या जागा ४०९६ होतात, त्यातल्या एका माणसाचा अंश आपल्यात उतरला असेल की नाही हेच सांगता येत नाही. चार-पाच पिढ्यांतला गोंधळ सोडवायला मात्र ती टेस्ट उत्तम, दूरचे भाऊबंद सापडतात आणि त्यांच्याकडे जुने कागद असतात.

सगळ्यात आधी एक करा. सूनबाईंच्या आईंना विचारा की घरात जुनं फॅमिली बायबल आहे का. त्यात मधल्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्न-मृत्यू लिहायची पद्धत होती. असेल तर त्या पानांचे फोटो काढाच, पण त्याबरोबर पुस्तकाच्या पहिल्या पानाचाही काढा, जिथे छपाईचं साल असतं. पुस्तक १८४० चं आणि नोंदी १७६० पासूनच्या, सगळ्या एकाच शाईत एकाच हाताने, असं दिसलं तर त्या नंतर कोणीतरी बसून आठवून लिहिलेल्या आहेत, ब्रॅडफर्डच्या यादीसारख्या. शाई आणि हस्ताक्षर दर पिढीला बदलत गेलं असेल तर तुमच्या हाती सोनं लागलं. फोटो सावलीत काढा, फ्लॅश नको, आणि पान संपूर्ण येऊ द्या, कडेला पेन्सिलीने लिहिलेलं काही असलं तरी. नातवालाच ते काम द्या, आजीच्या घरच्या बायबलची पानं उलटताना त्याला जे वाटेल तेही त्याने वहीत तारखेसकट लिहून ठेवू दे.